तीन वर्षांच्या बोलीवर

बीदर आणि कलबुर्गी ह्या जिल्ह्यांना समुद्र नाही. औराद-भालकीच्या काळ्या रानातून किंवा आळंदच्या माळावरून पश्चिमेकडे निघालेल्या माणसाला सह्याद्री ओलांडून शेकडो किलोमीटर गेल्यावाचून खारा वारा अंगावर घेता येत नाही. तथापि समुद्राचे मोल ह्या भूमीने फार पूर्वी ओळखले होते. पुढे बहामनी राज्याचा वजीर झालेला महमूद गावान १४५३ साली दाभोळच्या बंदरात उतरला आणि तेथून बीदरास आला. ज्या १४७२ साली बीदरचा त्याचा प्रसिद्ध मदरसा बांधून झाला, त्याच साली त्याच्या फौजांनी गोवाही जिंकून घेतला. बहामनी घोडदळाचे घोडे अरबस्तानातून व इराणातून गलबतांनी येत असत. ज्याच्या हाती बंदर त्याच्या हाती घोडे, आणि ज्याच्या हाती घोडे त्याच्या हाती दख्खन, हे ते गणित होते.

आज बीदरच्या आकाशात हवाई दलाची हॉक विमाने घिरट्या घालताना दिसतात. २००८ पासून तेथे ह्या विमानांवर तरुण वैमानिकांना लढाऊ उड्डाणाचे शिक्षण दिले जाते. कलबुर्गीचा विमानतळ २०१९ साली सुरू झाला व त्याची धावपट्टी तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. एवढी लांबलचक पट्टी डोळ्यांपुढे ठेवली, म्हणजे विमानवाहू नौका ही काय चीज आहे ह्याची कल्पना येते. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ हिची एकूण लांबी सुमारे २१३ मीटर होती. कलबुर्गीच्या धावपट्टीवर अशा चौदा नौका एकीपुढे एक सहज मांडता येतील. जमिनीवरची पट्टी स्थिर असते. नौकेवरची पट्टी मात्र पुढे धावते, डोलते, वर उचलली जाते आणि खाली बसते. अशा डेकवरून विमान उडवायचे, आणि परत येऊन त्याच डेकवर उतरवायचे.

हे साधते कसे? विमानाला हवेत उचलून धरतो तो पंखांवरून वाहणारा वारा. खळ्यावर उफणणी करणारा शेतकरी वाऱ्याची वाट पाहतो. वारा पडला तर सूप हातात धरून बसण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. नौकेचा कप्तान मात्र केवळ वाट पाहत नाही. तो नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळवितो आणि पूर्ण वेगाने निघतो. वाहता वारा आणि नौकेचा वेग ह्यांची बेरीज विमानाच्या पंखांना मिळते. त्यात वाफेच्या दाबाने विमानाला पुढे भिरकावणाऱ्या कॅटापुल्ट यंत्राची भर पडते. उतरताना विमानाच्या शेपटीखाली लोंबणारा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकावा लागतो. चाके डेकला टेकताच वैमानिक इंजिन मंद करीत नाही, उलट त्याला पूर्ण जोर देतो. कारण आकडा चुकला तर त्याच क्षणी पुन्हा हवेत झेपावणे भाग असते. सारांश, नौकेचा वेग हा विमानवाहू नौकेचा प्राण होय. हे सूत्र लक्षात ठेवले, म्हणजे पुढील कथा नीट उलगडेल.

नौकांच्या जगात ‘वर्ग’ ह्या शब्दाला विशेष अर्थ आहे. शाळेतील वर्ग वयावरून व इयत्तेवरून ठरतो, तर नौकांचा वर्ग आराखड्यावरून. एका आराखड्यावरून बांधलेल्या सर्व नौका एका वर्गाच्या, आणि त्यांतील पहिलीचे नाव बहुधा साऱ्या वर्गाला लाभते. दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू नौकांचे ढोबळ मानाने तीन थर पडले. पहिला थर मोठ्या आरमारी नौकांचा. अमेरिकेचा ‘एसेक्स’ वर्ग हे त्याचे ठळक उदाहरण. सत्तावीस हजार टनांच्या घरातील, नव्वदांवर विमाने वाहणाऱ्या आणि ३३ नॉटांपर्यंत वेग घेणाऱ्या ह्या वर्गाच्या चोवीस नौका बांधून पुऱ्या झाल्या. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. दुसरा थर हलक्या नौकांचा. अमेरिकेने क्रूझर जातीच्या नौकांचे सांगाडे वापरून ‘इंडिपेन्डन्स’ वर्गाच्या नऊ हलक्या नौका तयार केल्या, आणि इंग्लंडने आपला निराळा हलका वर्ग आखला. तिसरा थर सर्वांत खालचा, तो रक्षक नौकांचा. व्यापारी जहाजांच्या तांड्यांना शत्रूच्या पाणबुड्यांपासून वाचविणे हे त्यांचे मुख्य काम. ‘कॅसाब्लांका’ वर्गाच्या अशा पन्नास नौका एकाच अमेरिकन कारखान्याने १९४३-४४ मध्ये अवघ्या वर्षभरात पाण्यात सोडून कामावर रुजू केल्या. ह्या नौकांवरील खलाशी स्वतःच थट्टेने म्हणत की, आपली नौका पेट घेणारी, सहज फुटणारी आणि गेली तरी चालणारी आहे.

हे युद्ध दख्खनपासून फार दूर राहिले, असा समज असेल तर तो खरा नव्हे. १९४२ च्या एप्रिलमध्ये पाच मोठ्या जपानी विमानवाहू नौका हिंदी महासागरात शिरल्या. ५ एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, त्यांच्या विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले. दुसऱ्याच दिवशी ‘र्‍युजो’ ह्या लहानशा जपानी नौकेवरील विमानांनी विशाखापट्टणम व काकिनाडा ह्या बंदरांवर हल्ला केला. काकिनाडा बीदरपासून सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर. ९ एप्रिलला श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ ब्रिटिशांची ‘हर्मीज’ ही विमानवाहू नौका जपान्यांच्या तावडीत सापडली. त्या वेळी तिच्यावर एकही विमान नव्हते. तीनशेहून अधिक माणसांसह ती बुडाली. विमानावाचून विमानवाहू नौका म्हणजे बाण संपलेला धनुर्धर, हा धडा बंगालच्या उपसागराच्या तोंडाशीच मिळाला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ४ जून १९४२ रोजी, मिडवे बेटापाशी जपानच्या चार मोठ्या विमानवाहू नौकांवर काळाने घाला घातला. ‘आकागी’, ‘कागा’ व ‘सोर्‍यू’ काही मिनिटांतच पेटल्या आणि ‘हिर्‍यू’ त्याच दिवशी सायंकाळी. ह्या नौका हलक्या थरातील नव्हत्या. पुढे जपानने एका प्रचंड युद्धनौकेच्या सांगाड्यावर ‘शिनानो’ ही विमानवाहू नौका बांधली. त्या काळातील ती सर्वांत अवजड विमानवाहू नौका. सेवेत दाखल झाल्यावर दहाव्या दिवशी, २९ नोव्हेंबर १९४४ ला, एका अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी तिला तळाशी नेले. तिने एकही लढाई पाहिली नाही.

ह्याच्या उलट प्रकार त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला फिलिपीन्समधील समार बेटापाशी घडला. सहा चिमुकल्या रक्षक नौकांवर चार जपानी युद्धनौका व त्यांच्या क्रूझरांचा ताफा अवचित चालून आला. त्यांतील एकट्या ‘यामातो’चे वजन त्या साही नौकांच्या वजनाच्या बरोबरीचे होते. रक्षक नौकांचा वेग बेताचा, पळून जाणे अशक्य. वैमानिकांजवळ युद्धनौका भेदण्याजोगे बॉम्ब पुरेसे नव्हते. ते संपले तेव्हा शत्रूला चकविण्यासाठी त्यांनी रिकाम्या विमानांनी झेपा घेतल्या. सोबतच्या विनाशिका सरळ तोफांच्या तोंडी गेल्या. त्या दिवशी दोन रक्षक नौका बुडाल्या आणि शेकडो माणसे मेली. पण अखेर माघारी फिरला तो बलाढ्य जपानी ताफा. खालच्या थराने वरच्या थराला परतविले, ते पोलादाच्या जाडीने नव्हे.

मोठ्या नौकांनाही शेवटी माणसांनीच तारले. १९ मार्च १९४५ रोजी जपानच्या किनाऱ्याजवळ ‘एसेक्स’ वर्गातील ‘फ्रँकलिन’वर बॉम्ब पडले. सातशेहून अधिक खलाशी प्राणास मुकले. नौकेवरील धर्मगुरू फादर जोसेफ ओकॅलहन मरणोन्मुख माणसांपाशी प्रार्थना म्हणत फिरले, आणि त्याच वेळी आग विझविणाऱ्या व तापलेला दारूगोळा समुद्रात लोटणाऱ्या तुकड्यांना धीर देत राहिले. नौका तरली व मायदेशी परतली. त्या फादरांना अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

आता इंग्लंडच्या हलक्या वर्गाकडे वळू. युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत इंग्लंडच्या मोठ्या विमानवाहू नौका एकामागून एक बुडत होत्या आणि नव्या मोठ्या नौका बांधण्यास वेळ नव्हता. म्हणून १९४२ साली एक काटकसरीचा आराखडा तयार करण्यात आला. सांगाडा व्यापारी जहाजांच्या नियमांनुसार बांधायचा, म्हणजे युद्धनौका बांधण्याचा अनुभव नसलेल्या कारखान्यांनाही ते काम करता यावे. जड चिलखत नको, मोठ्या तोफा नकोत. वेग २५ नॉटांच्या आसपास असला की पुरे. आयुष्य? तीन वर्षे, किंवा युद्ध संपेपर्यंत. त्यानंतर मोडीत. अशा सोळा नौकांची मागणी नोंदविण्यात आली. पहिल्या दहांचा ‘कोलोसस’ वर्ग, आणि उरलेल्या सहांत थोडी सुधारणा केल्यामुळे त्यांचा ‘मॅजेस्टिक’ वर्ग. ‘कोलोसस’चा कणा १९४२ च्या जूनमध्ये मांडला गेला आणि १९४४ च्या डिसेंबरात ती सेवेत आली. परंतु तिच्या भगिनी पॅसिफिकमध्ये पोहोचल्या तोवर युद्धच संपत आले होते. ज्या युद्धासाठी त्या जन्मल्या, ते त्यांच्या वाट्याला आले नाही.

वास्तविक त्यांची कथा तेथेच संपावयाची. पण ती तेथून सुरू झाली. युद्धाने थकलेल्या जगात मोठ्या नौका बाळगणे थोड्याच राष्ट्रांना परवडणारे होते. ह्या स्वस्त नौका मात्र मध्यम ऐपतीच्या आरमारांनाही पेलण्याजोग्या होत्या. फ्रान्स, हॉलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, अर्जेंटिना अशा देशांनी त्या घेतल्या. कोरियाच्या युद्धात ह्याच नौका आळीपाळीने लढल्या. ‘व्हेन्जन्स’ ही नौका ब्राझीलकडे ‘मिनास जेराइस’ ह्या नावाने २००१ पर्यंत नांदली. तीन वर्षांच्या बोलीवर आलेल्या घरगड्याने पिढ्यान्‌पिढ्या घर सांभाळावे, तसा हा प्रकार झाला.

त्यांपैकीच एक ‘हर्क्युलीझ’, ‘मॅजेस्टिक’ वर्गाची. इंग्लंडातील टाइन नदीच्या काठी १९४३ च्या ऑक्टोबरात तिचा कणा मांडला गेला. ती पाण्यात उतरली तो दिवस होता २२ सप्टेंबर १९४५. युद्ध नुकतेच संपले होते. काम अर्धवट ठेवून तिला बाजूला नांगरण्यात आले. दहा वर्षांहून अधिक काळ ती तशीच पडून होती. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्टच्या गोदीत तिचे काम पुरे करण्यात आले. तिला तिरकी उड्डाणपट्टी आणि वाफेचा कॅटापुल्ट बसविण्यात आला. ४ मार्च १९६१ रोजी श्रीमती विजयालक्ष्मी पंडित ह्यांच्या उपस्थितीत ती ‘विक्रांत’ ह्या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. कॅप्टन प्रीतम सिंग महिंद्रू हे तिचे पहिले कप्तान. नोव्हेंबरात ती मुंबईस आली आणि डिसेंबरात गोवामुक्तीच्या कारवाईत कोकण किनाऱ्यासमोर पहारा देत उभी राहिली. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी मुंबईच्या सुक्या गोदीत होती. तरी ती बुडविल्याची आवई पाकिस्तानकडून उठविण्यात आली होती.

खरी परीक्षा १९७१ साली आली. युद्धाची चिन्हे दिसत असतानाच ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेल्याचे आढळले. तो बॉयलर बंद ठेवावा तर वेग खूपच घटणार. उरलेल्या तीन बॉयलरांवर नौका ताशी सोळा नॉटांच्या आसपास, म्हणजे जेमतेम तीस किलोमीटर वेगाने चालू शकत होती. विमानवाहू नौकेला वेग कशासाठी लागतो हे वर आलेच आहे. त्यात हिवाळ्यातील बंगालचा उपसागर बहुधा शांत, वारा मंद. नौका बंदरात सुरक्षित ठेवावी, की अशा अधू स्थितीत रणात न्यावी? देशाजवळ तेव्हा ती एकच विमानवाहू नौका होती. ती गमावली असती तर केवळ पोलाद नव्हे, हजाराहून अधिक माणसे आणि राष्ट्राचा धीर पणास लागला असता. आणि ती बंदरातच राहिली असती, तर तिच्यासाठी केलेला इतक्या वर्षांचा खर्च व शिक्षण कोणत्या दिवसासाठी होते, हा प्रश्न उरला असता. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल एस. एम. नंदा ह्यांनी ती पूर्वेकडे पाठविण्याचा निर्णय घेतला. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन होते, आणि नौकेचे कप्तान स्वराज प्रकाश.

पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी तिच्या शोधार्थ १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली होती. भारतीय नौदलाने एक हुलकावणी रचली. ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमजवळ राहून जणू आपणच ‘विक्रांत’ आहोत असे बिनतारी संदेश पाठवीत राहिली. खरी ‘विक्रांत’ तेव्हा अंदमानच्या उत्तर टोकाकडील पोर्ट कॉर्नवॉलिसच्या खाडीत दडून होती. ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमसमोर बुडाली. ‘राजपूत’ने टाकलेल्या स्फोटकांनी ती बुडाली असे भारताचे म्हणणे, तर अपघाती स्फोटाने असे पाकिस्तानचे. नव्वदांहून अधिक खलाशी तिच्यासह गेले. तेही कोणाचे पुत्र व कोणाचे पती होते, ह्याचा विसर विजयाच्या आनंदात पडता कामा नये.

४ डिसेंबरच्या सकाळी ‘विक्रांत’वरून सी हॉक विमानांनी कॉक्स बझारकडे झेप घेतली व त्याच दिवशी चितगावावरही हल्ला चढविला. पुढील दिवसांत खुलना व मोंगला ह्या बंदरांची पाळी आली. फ्रेंच बनावटीची मंदगती अलिझे विमानेही कामास लागली. धावपट्ट्या निकामी झाल्या, जहाजे अडकली, समुद्रमार्ग बंद झाला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा पाकिस्तानी सैन्याला समुद्रावाटे निसटण्याची वाट उरली नव्हती. कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉक तुकडीचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता ह्यांना महावीर चक्र मिळाले. पण ह्या यशात आणखी काहींचा वाटा आहे. खाली बॉयलरच्या धगीत, डेकवर काय चालले आहे हे डोळ्यांनी न पाहता, उरलेली वाफ दिवसेंदिवस टिकवून धरणारे यंत्रज्ञ व खलाशी ते होत.

वाऱ्याचा हाच हिशेब दुसऱ्या एका भगिनीला मात्र साधला नाही. ‘कोलोसस’ वर्गातील ‘व्हेनरेबल’ ही नौका हॉलंडमार्गे अर्जेंटिनाकडे गेली होती. तेथे तिचे नाव ‘व्हेंतिसिंको दे मायो’. १९८२ च्या फॉकलंड युद्धात, २ मे च्या पहाटे, ती ब्रिटिश ताफ्यावर विमाने सोडण्याच्या बेतात होती. पण दक्षिण अटलांटिकच्या त्या वादळी पट्ट्यात त्या दिवशी वारा पडला. वारा नाही आणि वेग अपुरा, म्हणून बॉम्ब लादलेली विमाने उडू शकली नाहीत. तो हल्ला झालाच नाही. तेव्हा जुन्या नौकेचे कौतुक करताना तिच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. काटकसरीने जे वाचवावे, त्याची किंमत कधी ना कधी कोणाला तरी द्यावीच लागते.

‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून तिने शाळकरी मुलांना आपल्या डेकवर खेळू दिले. २०१४ मध्ये ती मोडण्यात आली. तिच्या धातूचा काही अंश वापरून २०१६ साली बजाज कंपनीने एक मोटारसायकल काढली. महायुद्धातील आराखड्याची दुसरी नौका ‘विराट’, मूळची ब्रिटिशांची नवी ‘हर्मीज’, २०१७ पर्यंत भारताच्या सेवेत राहिली. रशियाकडून घेतलेली ‘विक्रमादित्य’ २०१३ साली दाखल झाली. तिचा तळ कर्नाटकातीलच कारवारला आहे. आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीच्या गोदीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ सेवेत आली. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरील इंग्रजी अमदानीचा क्रूस जाऊन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेले अष्टकोनी चिन्ह आले.

नव्या ‘विक्रांत’ची लांबी २६२ मीटर आणि खर्च सुमारे वीस हजार कोटी रुपये. कणा मांडल्यापासून तेरा वर्षे तिच्या बांधणीस लागली. एवढा पैसा एका नौकेवर घालावा काय, हा प्रश्न दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्यांतील माणसाने विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. क्षेपणास्त्रे व पाणबुड्या ह्यांच्या युगात इतके मोठे लक्ष्य समुद्रावर मिरवावे काय, अशी शंका जाणकारही काढतात. ‘शिनानो’ची दहा दिवसांची कहाणी ह्या शंकेच्या बाजूने बोलते. अधू ‘विक्रांत’ची कहाणी दुसऱ्या बाजूने बोलते. दोन्ही ऐकून घेतल्या पाहिजेत.

परंतु दोन्ही कहाण्यांतून एक गोष्ट निर्विवादपणे निघते. आराखडा काढणारा नौकेला वर्ग देतो, आयुष्याची मुदतही देतो. तिची योग्यता मात्र त्याला ठरविता येत नाही. ती तिची निगा राखणाऱ्या आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्या हातांनी ठरते. तीन वर्षांच्या बोलीवर घडविलेले पोलाद छत्तीस वर्षे भारताच्या कामी आले, ते त्या पोलादाच्या अंगच्या गुणामुळे नव्हे. वर्गावरून योग्यता ठरविण्याची घाई माणसे माणसांच्या बाबतीतही करतात. ‘विक्रांत’च्या बाबतीत ती घाई करणारे चुकले, एवढे तरी ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.